मार्थाच्या गाडीचा काटा

ही २०१७ सालची गोष्ट. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सुरू झाली आणि नोव्हेंबरात, आमच्या चर्चच्या कापणीच्या सणानंतरच्या गुरुवारी संपली. निदान मला तेव्हा संपली असं वाटलं. तारखा माझ्या डोक्यात राहतात. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आहे मी. त्या साली मी अडुसष्ट वर्षांची होते आणि विल्सन एकाहत्तरचे.

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे. आमच्या वेळी बायका नाव घेत नसत, मीही चव्वेचाळीस वर्षं 'अहो'वर संसार केला. पण या गोष्टीत दुसरी एक बाई त्यांना सरळ 'विल्सन' म्हणते. तिथे मी 'आमचे हे' म्हणत बसले तर मीच मागे पडेन.

विल्सन भिंगारला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. वर्दीतले नव्हेत, सिव्हिलियन. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी भिंगारच्या निम्म्या गाड्या आमच्या ओट्यासमोर उभ्या असायच्या. कोणाचा हॉर्न बसलेला, कोणाचे दिवे मंद झालेले. वर्कशॉपात त्यांच्याच टेबलावर काम करणारे कल्याण साळवे त्यांचे जिवलग मित्र. कल्याण २०१५ साली गेले. त्यांची बायको मार्था. ती नर्स होती, सावेडीला बंगल्यात एकटी राहायची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. केस कापलेले, हातात मोठं पुरुषी घड्याळ, आणि कल्याणची पांढरी छोटी गाडी ती स्वतः चालवायची. चालवायला तिला शिकवलं होतं विल्सननी, कल्याण आजारी असताना. मला कधी शिकवलं नाही. मी म्हटलं होतं एकदा, तर म्हणाले, "तुला कशाला? मी हाय की."

तर त्या शनिवारी आम्ही जेवायला बसलो होतो. भाकरी आणि शेपूची भाजी होती. फोन वाजला. विल्सननी अर्धी भाकरी ताटात ठेवली, हात धुतला आणि पेट्रोलचा कॅन शोधायला लागले.

"कोण होतं?"

"मार्था. सोनईहून येताना घोडेगावपाशी गाडी बंद पडली. पेट्रोल संपलंय."

सोनईला तिची आई असायची, बनुबाई, नव्वदी ओलांडलेली. दर शनिवारी मार्था तिला भेटायला जायची.

"घोडेगावात पेट्रोल मिळत नाही?" मी विचारलं. पण तोवर स्कूटर फाटकाबाहेर गेली होती.

संध्याकाळी सहाला परतले ते हसतच.

"तिला काटा बघता येत नाही का?" मी म्हणाले.

"काटा खोटारडा हाय तिचा. जाता जाता शून्यावर पडतो, खड्डा आला की परत वर. वर्षभर असंच चाललंय. तिनं बघायचंच सोडून दिलं. आज बिचारा खरं बोलला, तर हिचा इश्वास बसला न्हाई!" आणि पुन्हा हसले. खुर्चीच्या पाठीला रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

ते हसू माझ्या मनाला लागलं. सहा महिने आमच्या घरात असं हसू ऐकलं नव्हतं. सकाळी गोळ्या, दुपारी झोप, रात्री साडेआठला जेवण. साखर मी कपाटात कुलूप लावून ठेवायची. आणि घोडेगावच्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुरात उभं राहून हे हसू त्यांना सापडलं.

"पुढच्या शनिवारी जाऊन बघतो," ते म्हणाले. "बारकं काम हाय."

बारकं काम. तिथे माझी गाठ अडकली.

त्याचं असं आहे. १९८४ साली वर्कशॉपात विल्सनना नव्या पोरांना शिकवायचं काम मिळालं. त्यांना तोंडानं सगळं येत होतं, लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून रोज संध्याकाळी ते ओट्यावर फेऱ्या मारत सांगायचे आणि मी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहायची. वर्कशॉपात ती वही आमच्या आडनावाने, 'भिंगारदिवेंची वही' म्हणून प्रसिद्ध होती. अक्षर कोणाचं, ते कोणी विचारलं नाही. त्या वहीच्या एकतिसाव्या पानावर होतं: 'पेट्रोलचा काटा, दोष शोधणे.' मला ते तोंडपाठ होतं. टाकीत तरंगणारा फुगा आणि त्याचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोड, तिथून पुढे जाणारी वायर, आणि समोरचा मीटर. तीनच जागा. एकेक करून तपासायच्या. खाली विल्सनचंच वाक्य: 'एकूण वेळ अर्धा तास. जास्त लागल्यास मेकॅनिक चहा पीत आहे असे समजावे.'

पहिला शनिवार गेला. दुपारी दोनला गेले, साडेपाचला आले.

"सापडलं?"

"अर्थिंगला गंज हुता. खरवडला. पण काटा आता वरच येईना. पुढच्या खेपेला मीटर बघावा लागंल."

दुसऱ्या शनिवारी मीटर. तिसऱ्या शनिवारी वायर. चौथ्या शनिवारी पुन्हा टाकी. अर्ध्या तासाचं काम, ज्यानं पोरांच्या पोरांना शिकवलं त्या माणसाला चार शनिवार पुरत नव्हते. मेकॅनिक चहा पीत आहे असेच मी समजले.

आणि मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. जन्मभर इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस गोल गळ्याचे टी-शर्ट घालायला लागला होता. तीन आणले होते, त्यातला एक तर चक्क पोपटी. लेसचे बूट माळ्यावर गेले आणि पायांत नुसते सरकवायचे पट्ट्याचे सँडल आले. कपबशी नको म्हणायचे, मोठा मग हवा. एकाहत्तराव्या वर्षी ही तरुणाई कोणासाठी? एका शनिवारी आले तर अंगठ्यावर टपोरा फोड.

"हे काय?"

त्यांनी अंगठा असा पाहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. "चहाचं पातेलं लागलं वाटतं."

"तिच्याकडे चहा तुम्ही करता?"

"कोणी तरी करायचाच की."

आमच्या घरात त्यांनी चहाच्या पातेल्याला कधी हात लावला नव्हता.

आमचा मुलगा केविन पुण्याला असतो. त्याला मी फोनवर म्हटलं, "तुझे पप्पा दर शनिवारी सावेडीला जातात."

"जाऊ दे ना मम्मी. बरं आहे, घराबाहेर पडतात."

"मार्थाकडे जातात."

"मार्थाआंटी मस्त आहे," तो म्हणाला. फोन मीच ठेवला.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या रविवारी लोक घरची, शेतातली, स्वयंपाकघरातली वस्तू चर्चला आणून वाहतात. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, केक, लोणच्याच्या बरण्या. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. मी दर वर्षी नारळाची बर्फी न्यायची आणि दर वर्षी विल्सन ती बोलीत घ्यायचे. पहिली बोली त्यांची, शेवटचीही त्यांचीच. लोक हसायचे, मध्ये कोणी पडायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा रिवाज.

त्या वर्षी माझ्या बर्फीआधी मार्थाचा दुधी भोपळा आला. सोनईच्या मळ्यातला, हातभर लांब. विल्सननी हात वर केला. कोणी तरी गंमत म्हणून बोली चढवली. विल्सननी पुन्हा हात वर केला. पुन्हा चढवली, पुन्हा वर. पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. शेवटी भोपळा त्यांच्या मांडीवर आला. बायकांच्या बाजूला मार्था तोंडावर पदर धरून हसत होती आणि म्हणाली, "विल्सन, अहो, घरी आला असतात तर तसाच दिला असता!"

कल्याण होते तोवर ती 'विल्सनभावजी' म्हणायची. भावजी कधी गळालं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या राहीबाईने माझ्या कोपराला कोपर लावलं. "रूथबाई, तुमची बर्फी आली बघा."

माझी बर्फी आली तेव्हा विल्सन भोपळा सांभाळत कोणाशी तरी बोलत होते. बर्फी दुसऱ्याच कुणी घेतली.

घरी येताना मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. भोपळा आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"गुडघा दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बोलत का न्हाईस, बाई?" लाडात आले की मला 'बाई' म्हणायचे, शाळेतली बाई.

"भोपळ्याची भाजी मला येत नाही," मी म्हणाले. "तिच्याकडेच करून घ्या."

त्या रात्रीत मी ठरवलं. काटा नादुरुस्त राहत नाही, ठेवला जातो आहे. हे मी सिद्ध करणार, तेही त्यांच्याच पायऱ्यांनी, माझ्याच अक्षरात लिहिलेल्या.

गुरुवारी विल्सन दुपारचे झोपले. मी माळ्याखालची पेटी उघडून पेचकस, पक्कड आणि हातभर वायर घेतली, निळी वही घेतली, सगळं भाजीच्या पिशवीत टाकलं आणि रिक्षा करून सावेडी गाठली.

मार्था अंगणात कपडे वाळत घालत होती. "अगंबाई, रूथताई! या या. विल्सन नाही आले?"

"नाही. मागची सीट काढ."

"काय?"

"गाडीची. मागची सीट काढ. टाकीचं झाकण तिच्याखाली असतं ना?"

तिने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "अहो, पण शनिवारी ते..."

"दहा शनिवार झाले, मार्था. मी मोजलेत."

तिने हात पुसले. मग गेली आणि सीट उचलली. एका झटक्यात, सरावल्यासारखी. तेही मला खुपलं.

मी चष्मा चढवला, वही पुढच्या सीटवर उघडी ठेवली आणि गुडघ्यावर बसले. माझा डावा गुडघा वाईट आहे. मागच्याच वर्षी चर्चच्या पायऱ्यांवर तो फुटला होता तेव्हा मार्थानेच पट्टी केली होती. पट्टीचं टोक तिनं जरासं आत दुमडलं. "काढताना नख लावायला नको, रूथताई," म्हणाली होती. ते तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"तू पुढे बस. किल्ली फिरव, पण गाडी चालू करू नकोस. काटा बघ आणि सांग."

'पायरी एक. टाकीवरची वायर काढून गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवावी. काटा पूर्ण चढल्यास मीटर व वायर निर्दोष. काटा सावकाश चढतो, घाई करू नये.' मी वायर काढून पत्र्याला टेकवली.

"चढला का?"

"थांबा. हां, चढतोय. चढतोय. भरला की हो!"

म्हणजे मीटर बरा, वायर बरी. दोन शनिवारांचा हिशेब तिथेच लागला. माझं काळीज धडधडत होतं. आनंदानं, खोटं कशाला सांगू? वर्गात कॉपी करणारा पोरगा सापडला की व्हायचा तसा आनंद.

'पायरी दोन. वायर परत जोडावी. टाकीवरच्या झाकणापासून दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला लावून पाहावी. काटा चढल्यास दोष अर्थिंगचा.' मी घरून आणलेली वायर एका टोकाने झाकणाला आणि दुसऱ्या टोकाने पत्र्याला दाबून धरली.

"आता?"

"अर्ध्यावर आला! रूथताई, खरंच अर्धी टाकीच आहे. काल पेट्रोल भरलंय मी."

राहिली फक्त अर्थिंगची काळी वायर. ती झाकणापासून निघून गालिच्याखाली शिरत होती. गालिचा उचलून मी तिच्यामागे गेले. कोपऱ्यात एका स्क्रूखाली तिचं टोक होतं. टोकाला पितळेची चकती असते, ती उघडी असावी लागते. धातूला धातू टेकला नाही तर वीज पोचत नाही, काटा उठत नाही. पहिलीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट.

त्या चकतीला पट्टी बांधली होती.

दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. चकतीभोवती दोन वेढे, सुबक, एकही चुणी नाही. पट्टीवरूनच स्क्रू आवळलेला. आणि पट्टीचं टोक जरासं आत दुमडलेलं.

मी बराच वेळ त्या दुमडीकडे बघत राहिले. विल्सन काळी टेप वापरायचे. तीन वेढे, आणि टोकावर अंगठ्याचं नख दाबायचे. नखाचा तो ठसा भिंगारभर गाड्यांमध्ये असेल. इथे त्यांचा हात नव्हता. कुठेच नव्हता. झाकणाचे स्क्रूही तिरपे बसलेले होते, शिकाऊ हाताने बसवल्यासारखे.

"ही पट्टी तू लावलीस?"

मार्था मागे वळून वाकली. "हो. गंज खरवडला ना त्या दिवशी. म्हटलं, उघडं ठेवलं तर परत गंजेल. का? चुकलं काय?"

"आणि स्क्रू? तेही तूच?"

तिने किल्ली काढून घेतली.

"मार्था, विल्सन काय करत होते मग? दहा शनिवार?"

ती गाडीतून उतरली, मागच्या दाराशी आली आणि माझ्यासमोर अंगणातच खाली बसली.

"ते सांगत होते आणि मी करत होते," ती म्हणाली. "त्यांच्या बोटांना कळत नाही, रूथताई. शुगरमुळं. बारीक स्क्रू धरला की पडतो, आणि पडला ते त्यांना कळतच नाही. दर वेळी विचारायचे, 'अर्थिंग घट्ट हाय का गं?' मी म्हणायची, 'घट्ट आहे.' घट्टच होतं ना हो. मला काय ठाऊक, तिथं पट्टी चालत नाही! माझ्या हाताला उघडं काही ठेवायची सवय नाही."

"कधीपासून?"

"मार्चपासून. इथं आले होते एकदा. डोळे मिटून बसले आणि हात पुढं करून म्हणाले, 'सुई टोच.' दहाही बोटं टोचली मी. दोनच कळली."

पोपटी टी-शर्टला बटण नव्हतं. सँडलला लेस नव्हती. मगाला कान मोठा होता. ओट्यावरही हल्ली ते स्क्रू गाडीवाल्यांनाच पिळायला लावायचे. फोड आला तो त्यांना चटका बसल्याचं कळलंच नव्हतं म्हणून. रोज तीन वेळा ताट वाढत होते मी त्या हातांपुढे.

"मला का नाही सांगितलं?"

"शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाले, बाईला कळलं तर स्कूटरची किल्ली साखरेच्या कपाटात जाईल."

खरं होतं. गेलीच असती.

कोणाला वाटेल, हे ऐकून माझा मत्सर विरघळला असेल. तो दुप्पट झाला. त्यांनी तिचा हात धरला असता तर मी भांडले असते, रडले असते, बाई म्हणून ते मला कळलं असतं. पण त्यांनी तिच्यापुढे आपली बोटं उघडी केली होती, डोळे मिटून. माझ्यापुढे बटणं नसलेला शर्ट घालून फिरत होते. आणि एके काळी त्यांचं तोंड आणि माझा हात मिळून जे काम व्हायचं, ते आता तिच्या हातानं चाललं होतं.

"तुला शनिवार आवडायचे," मी म्हणाले.

ती खाली मान घालून टॉवेलची घडी करत होती. "आवडायचे," ती म्हणाली. "कल्याण गेल्यापासून या घरात पुरुषाचं बोलणं शनिवारीच ऐकू यायचं. तुमच्यापासून काही घ्यायचं नव्हतं मला, रूथताई. पण आवडायचे. नाही कशी म्हणू?"

मग ती म्हणाली, "पट्टी परत लावू या का? होती तशी. परवा मी त्यांना म्हणते, अर्थिंग एकदा बघा. त्यांना सापडू दे. त्यांनीच शोधलं असं होईल."

चांगलं सुचलं होतं तिला. माझ्याआधी सुचलं, हेच मला सोसलं नाही.

"मुलांना मी कधी खोटी उत्तरं दिली नाहीत," मी म्हणाले. पट्टी सोलून काढली. दुमडीमुळे ती एका ओढीत निघाली. चकती घासली, स्क्रू आवळला. मार्थाने किल्ली फिरवली, काटा चढून अर्ध्यावर उभा राहिला आणि तिथेच राहिला. पट्टी मी पर्समध्ये टाकली. तत्त्वाचं नाव घेतलं, पण केला तो मत्सरच. ते शनिवार मला बंद करायचे होते.

रात्री जेवताना ती पट्टी मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी बघितली. दुमडीकडेही बघितलं.

"कुठं हुती?"

"अर्थिंगच्या चकतीला."

"मार्थानं लावली?"

"हो."

"पायऱ्या कशा केल्या?"

"वहीत होत्या तशाच."

"मंग वही बरोबर हाय," ते म्हणाले. पेला दोन्ही हातांनी उचलून पाणी प्यायले. आता दोन्ही हात मला दिसत होते. हात धुऊन ते झोपायला गेले. बोटांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

शनिवारी ते कुठे गेले नाहीत. सोमवारी कुणी हॉर्न घेऊन आला, त्याला म्हणाले, "मी सोडलं आता." पेटी माळ्यावर गेली. स्कूटरची किल्ली त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिली. ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. घरात मला हवा होता तसा माणूस मिळाला होता मला, सगळ्या शनिवारांसकट. तो बोलत नव्हता.

तीन आठवडे मी ते पाहिलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात जाऊन इस्त्रीचा प्लग उघडला, आतली एक वायर सोडली आणि प्लग परत लावला.

"अहो, इस्त्री चालत नाही."

"नवी आणू."

"बघा तरी."

ते आले. "मला काय दिसणार? तूच उघड." मी उघडला. त्यांनी वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही वायर आपोआप निघत नसती."

"निघाली खरी."

मग त्यांनी पायानेच स्टूल ओढलं आणि बसले. "पक्कड आन. अशी न्हवं, खडू धरल्यासारखी धरू नको. मागं धर. हां. आता वायरीचं टोक पीळ. उजवीकडं. उजवीकडं, बाई! छत्तीस वर्षं पोरांना डावं-उजवं काय शिकवलं?"

त्या दिवशी इस्त्रीला दीड तास लागला. मी मुद्दाम लावला नव्हता.

पेटी खाली आली. ओट्यावर गाड्या यायला लागल्या. ते खुर्चीत आणि मी गाडीत डोकं घातलेली. भिंगारची पोरं हसायची, "भिंगारदिवे बाई, गॅरेज टाकलं का?" हसू दे. एकदा विल्सन घुटमळत म्हणाले, "मार्थाच्या गाडीचा वायपर अडकतोय म्हणं." मी म्हणाले, "दोघं जाऊ." गेलो. तिथे मार्थाचा हात माझ्याहून चलाख चालतो हे मला दिसलं, आणि ते विल्सनच्याही लक्षात आलेलं मला दिसलं. पुढच्या खेपेपर्यंत मी घरी सराव केला.

त्याच हिवाळ्यात त्यांनी मला वहीचं एकतिसावं पान काढायला लावलं आणि खाली एक ओळ सांगितली: 'पायरी तीन. अर्थिंगची चकती उघडी आहे का, हे दुसऱ्यास न विचारता स्वतः पाहावे.' मी लिहून घेतली. त्या ओळीशेजारी ती पट्टी चिकटवली.

विल्सन २०२२च्या जानेवारीत गेले. किडन्यांनी साथ सोडली. शेवटच्या महिन्यात ड्रेसिंग मार्था करायची, मला जमायचं नाही. बनुबाई त्याआधीच गेल्या होत्या, सत्त्याण्णव वर्षांच्या होऊन. केविन अजून पुण्यालाच आहे, दर दिवाळीला 'मम्मी, इकडे ये' म्हणतो आणि मी दर दिवाळीला बघू म्हणते. मार्थाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा तिने गाडी सोनईच्या अजिनाथ नावाच्या मास्तरला विकली. काटा व्यवस्थित चालतो, असं त्याने फोन करून मुद्दाम कळवलं. पेटी माझ्याकडे आहे. प्लग, टेबलफॅन एवढं अजून करते.

मार्था शनिवारी रिक्षाने माझ्याकडे येते. दुपारी दोनला येते, साडेपाचला जाते. चहा मी करते. बोलता बोलता ती अजून त्यांना नुसतं 'विल्सन' म्हणते. मला अजून ते आवडत नाही.